मास्कसक्ती आणि शंभर वर्षांची कुरकुर

१९१८ च्या नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्कोत बॉक्सिंगचा एक सामना झाला आणि तिथे काढलेल्या एका फोटोने गावभर बभ्रा केला. शहरात इन्फ्लुएन्झाची साथ होती, विनामास्क फिरणं गुन्हा होता. फोटोत प्रेक्षकांमधली बडी मंडळी दिसत होती. त्यांत महापौर जेम्स रॉल्फ होते आणि शहराचे आरोग्य अधिकारी डॉ. विल्यम हॅसलरही होते. मास्कचा नियम शहराच्या गळी उतरवला तो याच हॅसलर यांनी. मास्क मात्र दोघांच्याही तोंडावर नव्हता. हॅसलर यांनी पाच डॉलर दंड भरला. महापौरांच्या नावाने त्यांच्याच पोलीसप्रमुखांनी पन्नास डॉलरची पावती फाडली.

शंभर वर्षं उलटल्यावर, कोरोनाच्या साथीत, एप्रिल २०२१ मध्ये, थायलंडचे पंतप्रधान प्रयुत चान-ओचा यांनी बैठकीतला आपला एक फोटो फेसबुकवर टाकला. बैठक लशीच्या खरेदीची होती, बाकीच्यांच्या तोंडाला मास्क होता, पंतप्रधान तेवढे उघड्या तोंडाने बसलेले. बँकॉकमध्ये मास्कसक्ती नुकतीच लागू झाली होती. दंड झाला सहा हजार बाथ.

मास्कसक्तीवरच्या लोकांच्या प्रतिक्रिया हा विषय निघाला की व्यक्तिस्वातंत्र्य मोठं की समाजाची शिस्त, या वळणावर गाडी लगेच जाते. तो वाद खोटा नाही. पण जुन्या नोंदी चाळताना मला वारंवार वेगळंच दिसतं. तोंडावर फडकं बांधायला माणसं एरवी फारशी का-कू करत नाहीत. सांगणारा स्वतः पाळत नाही असं दिसलं, किंवा काल सांगितलेलं आज फिरवलं गेलं, की मग त्यांचं डोकं फिरतं. आणि ते फिरलेलं डोकं निस्तरायला सांगणारा कधीच जागेवर नसतो. तिथे दुसराच कुणीतरी उभा असतो.

मास्क आला तो शस्त्रक्रियेच्या खोलीतून. १८९७ मध्ये तेव्हाच्या जर्मनीतल्या ब्रेस्लाऊमध्ये योहान मिकुलिच आणि पॅरिसमध्ये पॉल बर्गर या शल्यविशारदांनी शस्त्रक्रिया करताना तोंड झाकायला सुरुवात केली. बोलताना उडणाऱ्या थेंबांतून जंतू जखमेत जातात, हे तेव्हा नुकतंच लक्षात आलं होतं. साथीच्या आजारात मास्क मोठ्या प्रमाणावर वापरला गेला तो १९१०-११ च्या हिवाळ्यात, चीनच्या ईशान्येकडच्या मांचुरियात. हार्बिन शहरात प्लेगने माणसं पटापट मरत होती. ही साथ थांबेपर्यंत सुमारे साठ हजार बळी गेले. आजच्या मलेशियातल्या पेनांगमध्ये जन्मलेले आणि केंब्रिजला शिकलेले तरुण डॉक्टर वू लिएन-ते तिथे पाठवले गेले. हा प्लेग उंदीर-पिसवांचा नाही, फुप्फुसांचा आहे, श्वासावाटे पसरतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणून त्यांनी गॉजमध्ये, म्हणजे जाळीदार सुती कापडात, कापसाची जाड घडी गुंडाळून मास्क करवून घेतले आणि डॉक्टर, परिचारक, प्रेतं उचलणारे अशा सगळ्यांना ते बांधायला लावले.

त्यांच्या म्हणण्याला जाहीरपणे धुडकावणारा पहिला ठळक माणूस अडाणी नव्हता. फ्रेंच डॉक्टर जेराल्ड मेनी वयाने आणि अनुभवाने वूंपेक्षा वडील, प्लेगच्या साथी आधी हाताळलेले. या पोरसवद्या चिनी डॉक्टरने आपल्याला शिकवावं, हे त्यांना सहनच झालं नाही. ते विनामास्क रुग्ण तपासायला गेले आणि जानेवारी १९११ मध्ये, काही दिवसांतच, प्लेगने गेले. त्यानंतर मास्कला नकार देणारे फारसे उरले नाहीत.

पुढची गोष्ट सॅन फ्रान्सिस्कोची, आणि तिथे थोडं थांबायला हवं, कारण २०२० मध्ये जगभर जे घडलं त्यातलं बहुतेक सगळं तिथे आधीच घडून गेलं होतं.

२४ ऑक्टोबर १९१८ ला शहराने मास्कचा ठराव मंजूर केला. नियम मोडला तर पाच ते शंभर डॉलर दंड किंवा दहा दिवसांपर्यंत कैद. पहिलं महायुद्ध शेवटच्या टप्प्यात होतं आणि मास्कचा प्रचारही युद्धाच्याच भाषेत झाला. लढाईच्या वेळी अंग चोरणाऱ्याला तिथे ‘स्लॅकर’ म्हणत. आता विनामास्क फिरणारा ‘मास्क स्लॅकर’ झाला. देशभक्तीच्या त्या वातावरणात बहुतेकांनी मुकाट मास्क लावला. तरी पकडले गेले त्यांची संख्याही कमी नव्हती. एकाच दिवसात शंभरावर लोकांना अटक झाली. काहींचा मास्क हनुवटीवर लोंबत असे, काहींनी सिगार ओढता यावा म्हणून त्याला भोकच पाडलेलं.

२८ ऑक्टोबरला पॉवेल आणि मार्केट या दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर घोड्यांना नाल ठोकणारा एक कारागीर लोकांना मास्क फेकून द्या असं सांगत उभा होता. आरोग्य खात्याच्या एका निरीक्षकाने त्याला मास्क घ्यायला जवळच्या औषधाच्या दुकानाकडे नेलं. दुकानाच्या दारात झटापट झाली. कारागिराने चांदीच्या डॉलरांनी भरलेली थैली निरीक्षकाला हाणली, निरीक्षकाने पिस्तूल काढून गोळ्या झाडल्या. कारागीर जखमी झाला, आणि काही देणंघेणं नसलेले दोन वाटसरूही.

११ नोव्हेंबरला युद्ध थांबलं तेव्हा हजारो लोक रस्त्यावर नाचले, तोंडाला मास्क बांधूनच. २१ नोव्हेंबरला भर दुपारी बारा वाजता शहरभर भोंगे वाजले, नियम उठला आणि फुटपाथांवर मास्कचा खच पडला. साथ संपली असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. डिसेंबरात आजारी माणसांचा आकडा पुन्हा चढू लागला. हॅसलर यांनी मास्क परत आणायचं म्हटलं, तर आता व्यापारी आडवे आले. नाताळच्या तोंडावर गिऱ्हाईक घाबरवून कसं चालेल? त्याच महिन्यात हॅसलर यांच्या नावाने आलेल्या पार्सलात बंदुकीची दारू आणि काचांचे तुकडे भरलेला बॉम्ब निघाला. तो फुटला नाही.

जानेवारी १९१९ मध्ये मास्क परत सक्तीचा झाला खरा, पण आता युद्ध नव्हतं आणि स्लॅकर म्हणवून घ्यायची लाजही उरली नव्हती. त्यातून ‘अँटी-मास्क लीग’ उभी राहिली. तिच्या अध्यक्ष ई. सी. हॅरिंग्टन या वकील होत्या, स्त्रियांच्या मताधिकारासाठी झटलेल्या. म्हणजे ही सगळी टवाळखोर मंडळी होती असं म्हणून मोकळं होता येत नाही. २५ जानेवारीला ड्रीमलँड रिंक या सभागृहात दोन हजारांवर माणसं जमली. काहींना अर्ज-विनंत्यांवर भागवायचं होतं, काहींना हॅसलर यांची हकालपट्टीच हवी होती. १ फेब्रुवारीला नियम मागे घेतला गेला.

आता गंमत अशी की या भांडणात विज्ञान मास्कवाल्यांच्या बाजूने होतं असंही नाही. मोठ्या अमेरिकी शहरांत सॅन फ्रान्सिस्कोचं मृत्युप्रमाण वरच्याच पंगतीतलं ठरलं. कॅलिफोर्नियाच्या राज्य आरोग्य मंडळाचे डब्ल्यू. एच. केलॉग यांनी आकडे तपासले, तर मास्कसक्तीचा परिणाम त्यांना दिसेना. मग १९२० मध्ये त्यांनी आणि एका सहकाऱ्याने गॉजवर प्रयोग केले. कापड विरळ असलं तर थेंब पार होत. अडतील इतके थर चढवले तर श्वास कोंडे आणि हवा मास्कच्या कडांनी वाट काढे. शिवाय माणसं मोकळ्या रस्त्यावर पोलिसाच्या धाकाने मास्क लावत आणि धोका खरा जिथे, त्या बंद खोलीत मित्रमंडळींत तो काढून ठेवत. हे शेवटचं वाक्य २०२० च्या कुठल्याही अहवालात जसंच्या तसं खपलं असतं.

अमेरिकेने हा धडा बासनात बांधून ठेवला. जपानमध्ये उलट झालं. तिथल्या गृह खात्याच्या आरोग्य विभागाने त्याच साथीत भित्तिपत्रकं लावली. मास्क न लावणारा म्हणजे जिवावर उदार झालेला, असा त्यांचा सूर होता. धाक दंडाचा नव्हता, हसं होण्याचा होता. हळूहळू सर्दी-खोकल्याला मास्क लावणं तिथे रुमाल बाळगण्याइतकं साधं होऊन बसलं.

हाँगकाँगला ही सवय लागली ती २००३ च्या सार्स या श्वसनरोगाच्या साथीमुळे. शहरात २९९ जण दगावले, ते कुणी विसरलं नव्हतं. म्हणून जानेवारी २०२० मध्ये चीनमधून पहिल्या बातम्या येताच लोकांनी नियमाची वाट न पाहता मास्क चढवले. सरकार मात्र भलत्याच पेचात होतं. आंदोलकांची ओळख पटावी म्हणून काहीच महिन्यांपूर्वी, ऑक्टोबर २०१९ मध्ये, त्याने निदर्शनांत तोंड झाकण्यावर बंदी घातली होती. फेब्रुवारीत प्रशासनप्रमुख कॅरी लॅम यांनी साठा वाचवण्यासाठी अधिकाऱ्यांना मास्क लावू नका असं सांगितलं, आणि लोक खवळले. इथे राग मास्कच्या सक्तीवर नव्हता, तो मिळत नाही यावर होता. जुलैत त्याच सरकारने बसगाड्यांत मास्क सक्तीचा केला.

असे विनोद इतरत्रही झाले. सार्वजनिक जागी चेहरा झाकायला मनाई करणारा २०१० चा कायदा पुस्तकात तसाच ठेवून फ्रान्सने मास्कसक्ती आणली. न्यूयॉर्क राज्याला मास्कबंदीचा १८४५ पासूनचा कायदा २०२० मध्ये घाईने रद्द करावा लागला.

पाश्चात्त्य देशांत विश्वासाला तडा गेला तो वसंतातच. २९ फेब्रुवारी २०२० ला अमेरिकेचे सर्जन जनरल, म्हणजे जनतेला आरोग्याचा सल्ला देणारे सर्वोच्च सरकारी डॉक्टर, जेरोम अॅडम्स यांनी ट्वीट केलं की मास्क विकत घेणं थांबवा, सर्वसामान्यांना त्याचा उपयोग नाही, ते डॉक्टर-परिचारिकांना लागतील. आता उपयोगच नाही तर डॉक्टरांना तरी कशाला, हे कुणाच्याही मनात येईल. ३ एप्रिलला अमेरिकी आरोग्य यंत्रणेने सल्ला फिरवला आणि तेच अॅडम्स जुन्या टी-शर्टची घडी घालून, दोन रबरबँड लावून घरच्या घरी मास्क कसा करायचा ते व्हिडिओत दाखवू लागले. जागतिक आरोग्य संघटनेने ५ जूनला भूमिका बदलली. लक्षणं नसलेल्यांकडूनही संसर्ग होतो हे दरम्यान स्पष्ट होत गेलं होतं, त्यामुळे सल्ला बदलणं बरोबरच होतं. पण आधीचा सल्ला टंचाईपोटी दिला होता, हे सरळ सांगायची हिंमत वेळेवर कुणी दाखवली नाही. पुढची दोन वर्षं ते एक ट्वीट मास्कविरोधकांच्या हातातलं कोलीत होतं. ऑगस्टमध्ये बर्लिन आणि माद्रिदला मोठे मोर्चे निघाले. त्यांत लसविरोधक होते, कटकारस्थानं शोधणारे होते आणि नुसते वैतागलेलेही होते.

चेक प्रजासत्ताकात मार्च २०२० मध्येच सक्ती आली तेव्हा दुकानात मास्क नव्हतेच. लोकांनी कपाटातल्या चादरी काढल्या आणि शिलाई मशीनला बसले. तिथे पहिल्या लाटेत विरोध असा जाणवलाच नाही. स्वतः शिवलेल्या वस्तूवर माणूस चिडत नसावा.

तैवानमध्ये एप्रिलात एका मुलाला गुलाबी मास्क मिळाला आणि वर्गात पोरं चिडवतील म्हणून तो शाळेत लावून जायला तयार होईना. ही गोष्ट सरकारी हेल्पलाइनपर्यंत गेली. १३ एप्रिलच्या पत्रकार परिषदेत आरोग्यमंत्री चेन शिह-चुंग आणि त्यांचे सहकारी ओळीने बसले होते, सगळ्यांच्या तोंडावर गुलाबी मास्क. हॅसलरना हे सुचायला हवं होतं.

मास्कच्या नावाने खरोखर रक्त सांडलं ते दुकानाच्या दारात आणि बसच्या पायरीवर. मे २०२० मध्ये मिशिगनमधल्या फ्लिंट शहरात एका दुकानाच्या सुरक्षारक्षकाने गिऱ्हाइकाला मास्कची आठवण केली, तर त्या रक्षकालाच गोळी घालून मारलं गेलं. जुलैत फ्रान्समधल्या बायोनला बसचालकाला विनामास्क प्रवाशांनी इतकं मारलं की काही दिवसांनी तो गेला. सप्टेंबर २०२१ मध्ये जर्मनीतल्या इडार-ओबरश्टाइनच्या पेट्रोल पंपावर बिअर घ्यायला आलेल्या माणसाने काउंटरवरच्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याला ठार केलं, कारण त्याने मास्क लावायला सांगितलं होतं. नियम करणाऱ्यांनी अंमलबजावणीचं ओझं सहज टाकलं ते अशांच्या खांद्यावर. १९१८ च्या निरीक्षकाकडे निदान सरकारी बिल्ला होता. अमेरिकी विमानांत २०२१ या एका वर्षात प्रवाशांच्या दांडगाईच्या ५,९८१ तक्रारी नोंदल्या गेल्या, त्यांतल्या ४,२९० मास्कवरून होत्या.

या गदारोळात ओठांच्या हालचालींवरून बोलणं समजून घेणाऱ्या कर्णबधिरांची तक्रार मात्र मागेच पडली. त्यांना जग एकाएकी मुकं झालं होतं. त्यांनी मोर्चे काढले नाहीत, समोरच्याने पारदर्शक मास्क लावावा एवढंच मागितलं.

विज्ञानाचा निवाडा अजूनही दोन्ही बाजूंना हवा तसा मिळालेला नाही. बांगलादेशातल्या सुमारे सहाशे गावांत झालेल्या मोठ्या प्रयोगात फुकट मास्क वाटले, गावातल्या मानकऱ्यांना तो लावायला लावला आणि न लावणाऱ्याला माणूस पाठवून गोडीत आठवण केली. दंड नव्हता. मास्क नीट लावणाऱ्यांचं प्रमाण १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेलं. लक्षणांसह झालेला संसर्ग सुमारे ९ टक्क्यांनी घटला, आणि हा आकडा दोन्ही पक्षांनी आपापल्या विजयाचा म्हणून मिरवला.

१८ एप्रिल २०२२ ला फ्लोरिडातल्या एका न्यायाधीशाने अमेरिकी विमानप्रवासातली मास्कसक्ती रद्दबातल ठरवली. बातमी आली तेव्हा काही विमानं हवेत होती. वैमानिकांनी घोषणा केली, टाळ्या पडल्या, मास्क भिरकावले गेले, आणि सक्ती आहे म्हणूनच तिकीट काढलेले काही प्रवासी जागच्या जागी आक्रसून बसले.

जपानने १३ मार्च २०२३ पासून मास्कचा निर्णय ज्याच्या-त्याच्यावर सोपवला. तिथे सर्वांना लागू होणारा, दंडाची तरतूद असलेला कायदा मुळात कधी नव्हताच. त्या सोमवारी सकाळी टोकियोच्या लोकलमध्ये बहुतेक तोंडं झाकलेलीच होती.