मॉडेल राहू दे, आधी हातानं लिहिलेला मेसेज दाखवा

समजा कोल्हापुरात कुणीतरी पुराचं ॲप बनवायला घेतलं, आणि २०१९, २०२१ च्या पुरांनंतर असल्या आयडिया इथं कुणाच्या ना कुणाच्या डोक्यात येतच असणार. टीम काय करणार, तर पाऊस, धरणांचा विसर्ग, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी असा मागच्या कित्येक वर्षांचा डेटा गोळा करणार, साफ करणार, त्यातच सहा महिने जाणार, मग त्या डेटावरून उद्याची पातळी सांगणारं मॉडेल, मग रंगीत डॅशबोर्ड, आणि शेवटी नदीकाठच्या चिखली गावातल्या एखाद्या शेतकऱ्याला दाखवणार की बघा काका, राधानगरी धरणाचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला, १४२८ क्युसेक पाणी सुटलं, उद्या बंधाऱ्यावर अमुक फूट. काका म्हणणार, "लई भारी हाय की, पण जनावरं आज रात्री हलवू का उद्या सकाळी?"

मॉडेल चुकलेलं नाही, प्रश्नच दुसरा होता. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, हे आकडे इथं पोरांनाही पाठ असतात, पण ४३ फुटांना गावचा रस्ता चालू असतो का, गोठ्यात पाणी शिरतं का, हे त्या आकड्यात नसतं, आणि त्यासाठी लागणारा डेटा कदाचित कुणी कधी लिहूनच ठेवलेला नसतो. डेटा प्रोजेक्टमध्ये ही दुहेरी भानगड असते, लोकांना काय पाहिजे हेही नीट माहीत नाही आणि आपल्या डेटातून ते निघतं का हेही नाही. सहाव्या महिन्यात कळलं तर सगळं बसलं, पहिल्या आठवड्यात कळलं तर फार तर एक एक्सेल शीट फेकून द्यावी लागते.

म्हणून आधी नाटक करायचं. जुलै २०२१ चे पुराचे दिवस घ्या, ॲपनं त्या त्या वेळी काय मेसेज पाठवला असता ते हातानं लिहा, आणि एकेक दाखवत विचारा, आता काय करणार? "आवडलं का" असं विचारू नका, आपली माणसं तोंडावर नाही म्हणत नाहीत. आयबीएममध्ये जॉन गूल्ड आणि सहकाऱ्यांनी असंच केलेलं, १९८३ साली तो प्रयोग छापून आला. बोललेलं टाइप करणारं मशीन तेव्हा धड नव्हतंच, तर माणूस माइकमध्ये बोलायचा आणि दुसऱ्या खोलीत बसलेली टायपिस्ट ते टाइप करून त्याच्या स्क्रीनवर पाठवायची. मशीनला थोडेच शब्द येत असले, किंवा प्रत्येक शब्दानंतर थांबावं लागलं, तरी लोक पत्र लिहू शकतात का, हे मशीन न बनवताच तपासून झालं!

उलट उदाहरण गुगलचं. डोळ्याच्या पडद्याचा फोटो बघून डायबेटिसमुळं झालेलं नुकसान ओळखणारी त्यांची सिस्टीम लॅबमध्ये जबरदस्त चालायची, पण थायलंडच्या ११ दवाखान्यांत काय झालं ते त्यांच्याच टीमनं २०२० मध्ये लिहिलंय: साधारण पाचातला एक फोटो सिस्टीमनं खराब म्हणून परत पाठवला, कारण नर्स जिथं फोटो काढायच्या तिथला उजेड नीट नव्हता, शिवाय इंटरनेट स्लो. नर्सच्या शेजारी एक दिवस बसलं तरी दिसणाऱ्या गोष्टी आहेत या. (कौतुक एवढंच की त्यांनी ते लपवलं नाही.)

आणि हो, असला प्रोटोटाइप, म्हणजे दाखवायचा कच्चा नमुना, दिसायला साधाच ठेवा, चकाचक केला की साहेबांना वाटतं काम झालं.

या नाटकातून एक गोष्ट हमखास बाहेर येते, कुणाला कुठली चूक परवडते. चिखलीचा शेतकरी म्हणेल दोनदा उगाच इशारा आला तरी चालेल, पण तिसऱ्यांदा पाणी आलं आणि मेसेज नाही आला तर जनावरं गेली. कोल्हापूर शहरातल्या शाहूपुरीतला दुकानदार म्हणेल दर वेळी माल वर चढवायला हमाल लावायचे, दोनदा खोटं निघालं की मी फोन बघणार नाही. म्हणजे मॉडेल एकच, पण एकाला शंका आली तरी कळवायचं आणि दुसऱ्याला बऱ्यापैकी खात्री झाल्यावरच. ही मर्यादा कुठं ठेवायची ते डेटातून निघत नाही, या दोघांना विचारूनच ठरवावं लागतं, आणि त्यासाठी कोडची एक ओळसुद्धा लिहायला लागत नाही.