लोकल कसाऱ्यापुढे का जात नाही?

संध्याकाळी ठाण्याच्या फास्ट प्लॅटफॉर्मवर इंडिकेटरला ‘एन’ लागला की आसनगाव, खर्डी, कसाऱ्याची माणसं पुढे सरकतात. ‘एस’ लागला की कर्जतवाले. मुंबईहून कसारा सुमारे 121 किलोमीटर, कर्जत 100. एवढ्या लांब लोकल जाते, तर आणखी सोळा किलोमीटर पुढे इगतपुरीला आणि तिथून नाशिकला का जात नाही? प्रश्न रास्त आहे. त्याचं ठरलेलं उत्तर ‘मध्ये घाट आहे ना’ हे मात्र अर्धंच आहे. गाडी घाट चढू शकते. तिला चालायला रिकामी वाट मिळत नाही, ही खरी अडचण आहे, आणि ती अडचण घाटापेक्षा बरीच अलीकडे, कल्याण ते कसारा या सपाटीवर आहे.

तरी आधी घाटाकडे बघू, कारण तिथलं गणित समजून घेण्यासारखं आहे. थळ घाट, म्हणजे आपला कसारा घाट, 1865 मध्ये पुरा झाला. जेमतेम पंधरा किलोमीटरमध्ये रूळ सुमारे 296 मीटर वर चढतात. कर्जतच्या पुढचा बोरघाट त्याच्या दोन वर्षं आधीचा आणि उंचीला जवळजवळ दुप्पट. दोन्हीकडे सर्वांत तीव्र चढ 1 मध्ये 37, म्हणजे 37 मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. रस्त्यावरच्या गाडीला हा चढ काहीच नाही. पण रेल्वेत लोखंडी चाक लोखंडी रुळावर टेकलेलं असतं, आणि त्या दोघांची पकड हाच सगळा आधार असतो.

बारा डब्यांची लोकल माणसांसह 700 टनांची धरू. 1 मध्ये 37 च्या चढावर तिला मागे खेचणारं बल साधारण 19 टन. चाकांचा आणि वळणांचा विरोध मिळवला की 22 टनांच्या आसपास. बारा डब्यांत मोटर कोच चार, बाकीचे आठ नुसते ओढले जाणारे. चार मोटर कोचचं वजन भरल्या गाडीत 300 टन धरलं, तर कोरड्या रुळावर त्याच्या पाव भागाइतकी, म्हणजे 75 टन पकड मिळते. पावसात रुळावर पाणी, सागाची कुजकी पानं आणि चिखलाचा पातळ थर असला की ती 45 टनांवर येते. 45 पुरेशी आहे. एक मोटर कोच बंद पडला तर 34 उरतात, गाडी रेटत वर जाते. दोन बंद पडले की साडेबावीस. गरज बावीसची. अशी गाडी घाटात थांबली की पुन्हा हलणं कठीण. चाकं जागच्या जागी फिरतात आणि मोटर तापत राहतात.

एक्स्प्रेस गाड्यांना म्हणूनच कसाऱ्याला आणि कर्जतला मागून बँकर इंजिनं लावतात. लोकलची जोडणी वेगळ्या धाटणीची असते. तिला इंजिनाने ढकलायचं तर मध्ये जोडतुकडा लावावा लागतो, आणि डब्यांचा सांगाडा तो रेटा सोसेल का हेही तपासावं लागतं. बँकर जोडणं, सोडणं, ब्रेकची चाचणी, यात वेळ जातो तो वेगळाच.

चढण्यापेक्षा उतरणं अवघड आहे. 700 टनांची गाडी 296 मीटर खाली येते तेव्हा सुमारे 560 युनिट ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. महिन्याला सव्वाशे युनिट वापरणाऱ्या घराची ती साडेचार महिन्यांची वीज. आजच्या लोकलमध्ये उतारावर मोटरच जनित्र होते आणि वीज ओव्हरहेड वायरमध्ये परत जाते. हे फार सुंदर आहे. पण वायरमधला पुरवठा मध्येच तुटला तर परतीचा रस्ताही बंद होतो आणि सगळा भार एका क्षणात चाकांवरच्या ब्रेक ब्लॉकवर येतो. म्हणून घाटात चालणाऱ्या गाडीचे ब्रेक ‘वीज परत जाणारच नाही’ असं धरूनच बनवावे लागतात. शिवाय हवेच्या ब्रेकची एक खोड आहे. गाडी उभी राहिली आणि कॉम्प्रेसर बंद पडला की सिलिंडरमधली हवा हळूहळू गळते आणि ब्रेक ढिला होतो. सपाटीवर फारसं बिघडत नाही. 1 मध्ये 37 वर गाडी सरकायला लागते. त्यासाठी स्प्रिंगने लागणारा पार्किंग ब्रेक हवा: हवा असेल तर सुटलेला राहील, हवा गेली की आपोआप आवळेल.

घाटातल्या कॅच सायडिंगची रचना बघितली की ही भीती किती जुनी आहे ते कळतं. उताराच्या मार्गावर मध्येच एक फाटा डोंगराकडे, चढावर जातो. गाडीचा रूळ बदलणारा सांधा एरवी त्या फाट्याकडेच लावलेला असतो. खाली येणारी गाडी तिथे ताब्यात आहे, ठरल्याप्रमाणे थांबते आहे, हे सिद्ध झालं की मगच सांधा मुख्य मार्गाला लागतो. ब्रेक निकामी झालेली गाडी सरळ फाट्यावर चढते आणि चढानेच थांबते. म्हणजे उतरणाऱ्या प्रत्येक गाडीची काही मिनिटं इथे जाणारच.

लोकलच्या रुंदीचाही प्रश्न आहे. आपले डबे 3.66 मीटर रुंद, एक्स्प्रेसचे सुमारे सव्वातीन. वळणावर लांब डब्याचा मधला भाग आतल्या बाजूला आणि टोकं बाहेरच्या बाजूला झुकतात. त्यामुळे उपनगरी हद्दीबाहेर नेताना प्रत्येक बोगद्याची भिंत, पुलाचा कठडा आणि प्लॅटफॉर्मची कड या रुंदीसाठी मोजून घ्यावी लागते.

हे सगळं सुटतं का? सुटतं. 10 फेब्रुवारी 2023 पासून मुंबईहून सोलापूरला आणि शिर्डीला वंदे भारत धावते. एक बोरघाटाने, दुसरी कसारा घाटाने, आणि बँकर न लावता. तिच्या निम्म्या डब्यांना मोटर आहेत, तर लोकलमध्ये तिसऱ्या हिश्श्याला. पार्किंग ब्रेकही आहे. म्हणजे घाट चढणारी, थांब्याथांब्याला उभी राहणारी गाडी बनवणं आज अभियांत्रिकीच्या आवाक्यात आहे. विजेचंही तसंच. पूर्वी 1,500 व्होल्टवर तीन मेगावॉट घ्यायचे तर वायरमधून 2,000 अँपिअर वाहायचे, आणि म्हणून सबस्टेशनं जवळजवळ लागायची. आता 25,000 व्होल्टवर 120 अँपिअर पुरतात.

मग अडतं कुठे?

कल्याण ते कसारा 67 किलोमीटर. येणारा एक रूळ, जाणारा एक. त्यावरून लोकल, मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्या चालतात. लोकल शहाड, आंबिवली, टिटवाळा, खडवली, वाशिंद, आसनगाव, आटगाव, तानशेत, खर्डी, उंबरमाळी असे दहा थांबे घेते. एका थांब्याची किंमत नुसती अर्धा मिनिट नसते. वेग कमी करणं, थांबणं, पुन्हा वेग घेणं मिळून दीड ते दोन मिनिटं जातात. दहा थांब्यांत पंधरा ते वीस मिनिटं. त्यामुळे लोकलच्या मागे एक्स्प्रेस सोडायची, तर कल्याणला तिला तेवढा वेळ मागे ठेवावं लागतं, नाहीतर ती वाटेत लोकलच्या शेपटीला येऊन रखडते. दोन गाड्यांच्या वेगात जेवढी तफावत, तेवढी जागा वेळापत्रकात वाया. सगळ्या गाड्या सारख्याच चालीने गेल्या असत्या, तर याच रुळांवर कितीतरी जास्त गाड्या मावल्या असत्या. त्यात मालगाडी. अठ्ठावन्न वाघिणी आणि इंजिनं मिळून जवळजवळ 700 मीटर. तिला बाजूला काढायचं तर तेवढी लांब लूप लाईन हवी, आणि एकदा उभी राहिली की तिला वेग घ्यायला बराच वेळ लागतो.

घाटाचा दोष नाही याचा पुरावा पश्चिम रेल्वेवर आहे. विरार ते डहाणू रोड 64 किलोमीटर, सगळी सपाटी. तिथे एप्रिल 2013 मध्ये लोकल सुरू झाली. तरीही फेऱ्या मोजक्याच राहिल्या, कारण मार्ग दोनच. चौपदरीकरण एमयूटीपी-3, म्हणजे मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यात घ्यावं लागलं.

रेकचा, म्हणजे डबे जोडून तयार असलेल्या अख्ख्या गाडीचा, हिशेबही लोक विसरतात. मुंबई-कसारा-मुंबई एक फेरी, दोन्हीकडची वळायची वेळ धरून, पाच तासांच्या वर. दर अर्ध्या तासाला गाडी द्यायची तर दहा-अकरा रेक एकट्या कसाऱ्याला गुंतले. नाशिक 188 किलोमीटर. एका बाजूला चार तास धरले तर फेरी साडेआठ तासांची आणि रेक सतरा. तेच रेक ठाण्यापर्यंत फिरवले तर एकेक रेक त्याच वेळात तीन-साडेतीन फेऱ्या मारतो. त्यात या डब्यांत शौचालय नाही. कसाऱ्याचा अडीच तासांचा प्रवासच वयस्कर माणसांना आणि मधुमेह असलेल्यांना जड जातो. चार तास तसं बसवणं हे माझ्या मते अन्यायाचं आहे.

आणि ठाण्याला काय मिळेल? घाटात दहा मिनिटं गेलेली गाडी सकाळी साडेआठला कल्याणच्या पुढे फास्ट मार्गावर येते, तेव्हा तिची जागा निघून गेलेली असते. गाड्या तीन-चार मिनिटांच्या अंतराने धावत असतात. तिला आत घ्यायचं तर मागच्या दोन-तीन गाड्या थांबतात. इगतपुरीची दरड ठाण्याच्या प्लॅटफॉर्मवर येऊन पोचते ती अशी. शिवाय नाशिकहून भरून आलेल्या गाडीत डोंबिवलीकराला आणि ठाणेकराला पाय ठेवायला जागा मिळणार नाही.

म्हणून लांबच्या शहरांसाठी मुंबईची लोकलच पुढे ओढण्यापेक्षा वेगळी गाडी हवी: शौचालय असलेली, निम्म्या डब्यांना मोटर असलेली, नाशिकहून येऊन कल्याण किंवा ठाण्याला थांबणारी. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका फेब्रुवारी 2022 मध्ये सुरू झाल्यापासून कुर्ल्याच्या टर्मिनसपासून कल्याणपर्यंत सहा रूळ सलग झाले आहेत, त्यामुळे या गाडीला लोकलच्या रुळांवर यायची गरज उरत नाही. कर्जतच्या बाजूला नव्या दुहेरी पनवेल-कर्जत मार्गाने नवी मुंबईतून सरळ वाट निघू शकते. 29.6 किलोमीटर, आणि त्यातला वावर्ल्याचा बोगदा एकटाच 2.6 किलोमीटरचा.

कल्याणच्या पुढे मात्र तिसऱ्या रुळाला पर्याय नाही. जमीन घेणं, काळू आणि भातसेवर नवे पूल, फाटकं बंद करून उड्डाणपूल, आणि कल्याणच्या यार्डात कसाऱ्याच्या आणि कर्जतच्या गाड्या एकमेकींचा रस्ता कापतात तिथली मांडणी बदलणं, ही सगळी कामं चालत्या गाड्यांमधून, रविवारच्या आणि रात्रीच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे गाड्या थांबवून मिळवलेल्या वेळात, करायची असतात. चार तासांच्या ब्लॉकमधला पहिला अर्धा तास वीज बंद करून वायर जमिनीशी जोडण्यात (अर्थिंग) जातो आणि शेवटचा रूळ तपासून मोकळा करून देण्यात. प्रत्यक्ष हातोडा चालतो तो तीन तास.