फोनवरील लिनक्स डेस्कटॉपचा दूरस्थ वापर

फोनमध्ये चालणारा लिनक्स डेस्कटॉप दुसऱ्या संगणकाच्या पडद्यावर उघडून तिथल्याच कीबोर्ड-माउसने वापरण्याची पद्धत. प्रोग्रॅम फोनच्या प्रोसेसरवर चालतात आणि फायली फोनमध्येच राहतात. समोरचा संगणक फक्त चित्र दाखवतो आणि दाबलेल्या कळा, माउसच्या हालचाली फोनला कळवतो.

स्क्रीन मिररिंगशी याची गल्लत होते, पण दोन्ही गोष्टी मुळातच वेगळ्या आहेत. मिररिंगमध्ये फोनच्या काचेवर दिसते तेच संगणकावर दिसते. इथे डेस्कटॉप सहसा त्या काचेवर उमटतच नाही. व्हीएनसी (एका यंत्राचा पडदा नेटवर्कवरून दुसऱ्यावर दाखवणारी प्रणाली) हिचा सर्व्हर फोनच्या मेमरीत एक आभासी पडदा उभा करतो. त्याचे माप आपण ठरवायचे, मग फोन उभा असो वा आडवा. फोनचा पडदा बंद असला तरी काम चालू राहते, आणि या पद्धतीची खरी मजा इथेच आहे.

अँड्रॉइडचा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, लिनक्सच आहे, मात्र त्यावर नेहमीचे डेस्कटॉप प्रोग्रॅम थेट चालत नाहीत. म्हणून टर्मक्स हे लिनक्ससारखे टर्मिनल देणारे ॲप घेतात आणि प्रूट-डिस्ट्रो या साधनाच्या मदतीने त्यात डेबियन किंवा उबुंटू ही लिनक्स प्रणाली बसवतात. त्यासाठी फोन रूट करावा, म्हणजे प्रणालीवर पूर्ण ताबा मिळवावा, लागत नाही. डेस्कटॉप म्हणून एक्सएफसीईसारखा कमी मेमरी खाणारा हलका पर्याय बरा. पाइनफोनसारख्या लिनक्ससाठीच बनवलेल्या फोनवर पोस्टमार्केटओएस ही लिनक्स प्रणालीच मूळ म्हणून चालवता येते, त्यामुळे तिथे ही मधली पायरी उरत नाही.

व्हीएनसीचा जन्म १९९०च्या दशकात इंग्लंडमधील केंब्रिज येथे ऑलिव्हेट्टीच्या संशोधन प्रयोगशाळेत झाला. त्यामागचा आरएफबी प्रोटोकॉल, म्हणजे चित्र पाठवण्याचे ठरलेले नियम, २०११ मध्ये आरएफसी ६१४३ या इंटरनेट-दस्तऐवजात प्रसिद्ध झाला. त्याची युक्ती साधी आहे. १९२० × १०८० पिक्सेलचे एक पूर्ण चित्र, प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट धरले, तर सुमारे ८३ लाख बाइट होते. ते दर क्षणी वाय-फायवरून पाठवणे परवडणारे नाही. त्यामुळे बदललेला आयतच तेवढा पाठवला जातो, तोही दाबून लहान केलेला. टर्मिनलमध्ये एक अक्षर टाइप केले, तर जातो तो जवळपास त्या अक्षराएवढाच चित्राचा तुकडा. लिहिणे, कोडिंग यांना ही पद्धत मानवते, व्हिडिओ मात्र अडखळतो.

पहिला आभासी पडदा बहुधा ५९०१ या पोर्टवर, म्हणजे नेटवर्कवरच्या क्रमांकित दारावर, मिळतो. हे पोर्ट नेटवर्कवर उघडे ठेवू नये, हे ठासून सांगायला हवे. व्हीएनसीच्या पारंपरिक पासवर्डमधली पहिली ८ अक्षरेच धरली जातात. नववे अक्षर चुकले तरी दार उघडते. पुढचा संवादही कूटबद्ध नसतो. उपाय एसएसएच बोगद्याचा, म्हणजे एसएसएच या सुरक्षित जोडणीतून सारा संवाद कूटबद्ध करून नेण्याचा. सर्व्हरने फक्त फोनच्या आतूनच आलेल्या जोडण्या स्वीकाराव्यात असे ठेवायचे, संगणकाचे ५९०१ पोर्ट एसएसएचमार्गे फोनच्या ५९०१ला जोडायचे आणि व्ह्यूअरला, म्हणजे संगणकावर चित्र दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला, स्वतःच्याच संगणकाचा पत्ता द्यायचा. टर्मक्सचे एसएसएच नेहमीच्या २२ऐवजी ८०२२ पोर्टवर असते, कारण १०२४ खालची पोर्ट साध्या ॲपला उघडता येत नाहीत. वाय-फाय नसेल तर यूएसबी केबल आणि एडीबी या अँड्रॉइडच्या डेव्हलपर साधनाचे पोर्ट फॉरवर्डिंग (एका पोर्टवरचा संवाद दुसऱ्याकडे वळवणे) पुरते. मोबाइल डेटावरच्या फोनला बहुतेकदा स्वतंत्र सार्वजनिक पत्ता नसतो, तिथे वायरगार्डसारखे व्हीपीएन लागते.

डेस्कटॉप मध्येच गायब झाला, तर दोष नेटवर्कचाच असेल असे नाही. अँड्रॉइड १२ पासून ॲप्सनी सुरू केलेल्या उपप्रक्रियांवर एकूण ३२ची मर्यादा आली. पॅनेल, विंडो मॅनेजर, फाइल मॅनेजर, ब्राउझर असे एकेक उघडत गेले की ती सहज ओलांडली जाते. मग टर्मक्सचे सत्र तुटते आणि ‘सिग्नल ९’ (प्रोग्रॅम सक्तीने बंद केल्याची खूण) एवढाच निरोप उरतो. नव्या आवृत्त्यांत ही मर्यादा सेटिंग्जमधल्या डेव्हलपर ऑप्शन्समधून उठवता येते. फोन झोपी जाऊ नये म्हणून टर्मक्सचा वेक-लॉक आधीच लावून ठेवतात.