नंबर वाढलाय की पापणीला सूज आहे? तपासणीला येण्याआधी हे वाचा

नंबर तपासायला येणारे बरेच जण आम्हाला सांगतात की मधेच धूसर दिसतं, नंबर वाढलाय वाटतं. आम्ही विचारतो, पापण्यांची उघडझाप केली की साफ होतं का? हो म्हणाले की नंबर राहू द्या, आधी पापणीची कड बघू, कारण डोळ्यावरचा अश्रूंचा थर बिघडला की असंच दिसतं आणि तो बिघडण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे पापणीच्या कडेची सूज, डॉक्टर त्याला ब्लेफरायटिस म्हणतात.

हे ओळखायला मोठ्या टेस्ट सहसा लागत नाहीत, तुम्ही काय सांगता आणि जवळून काय दिसतं यावरच बहुतेक कळतं, म्हणून प्लीज घाई न करता सगळं सांगा.

त्रास कधी जास्त होतो हे आधी सांगा. सकाळी उठल्यावर डोळे चिकटलेले, पापणीच्या केसांच्या मुळाशी खपल्या, चुरचुर, डोळ्यात रेती गेल्यासारखं खुपणं आणि दिवस चढेल तसं जरा बरं वाटणं, असं असेल तर संशय पापणीवर. नुसता कोरडेपणा असला तर बहुधा उलटं होतं, संध्याकाळी जास्त जाणवतं, अर्थात दोन्ही एकत्र असलेलेही खूप जण असतात.

मग जुन्या गोष्टी. रांजणवाडी सारखी होते का, डोक्यात कोंडा आहे का, गाल-नाक लाल राहतात का (रोझेशिया नावाचा त्वचेचा त्रास असू शकतो), पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्या चालू आहेत का, लेन्स पूर्वी दिवसभर चालायची ती आता दोन तासात नकोशी होते का. पिंपल्सच्या गोळीचा डोळ्याशी काय संबंध असं वाटून लोक सांगतच नाहीत, पण ती गोळी पापणीतल्या तेलाच्या ग्रंथी सुकवते. प्रत्येक पापणीत अशा साधारण २० ते ४० ग्रंथी असतात, हलकं दाबल्यावर त्यातून पातळ स्वच्छ तेल यायला हवं, सूज असली की टूथपेस्टसारखं घट्ट पांढरं येतं. हे घरी दाबून बघू नका हं.

आरशात मात्र जरूर बघा. खाली बघत वरच्या पापणीच्या केसांचं मूळ बघितलं आणि केसाला कॉलर घातल्यासारखं पांढरट काही गुंडाळलेलं दिसलं तर ते डेमोडेक्स नावाच्या बारीक किड्यांचं लक्षण असतं, यात खाज जास्त येते. आणि तपासणीच्या दिवशी खपल्या धुऊन, मस्कारा लावून येऊ नका, आम्हाला जे बघायचंय तेच निघून जातं!

आधी वापरलेल्या ड्रॉप्सच्या बाटल्या सोबत आणा, संपलेल्या असल्या तरी. कुणीतरी दिलेले स्टिरॉइडचे ड्रॉप्स मनाने चालू ठेवलेले असतात, त्याने लाली जाते म्हणून बरं वाटतं पण आतून डोळ्याचं प्रेशर वाढू शकतं, याची आम्हाला खरंच काळजी वाटते.

हा त्रास बहुतेक वेळा दोन्ही डोळ्यांना असतो. एकाच पापणीला महिनोन्महिने सूज, तिथलेच केस गळतायत, एकाच जागी गाठ पुन्हा पुन्हा येतेय, तर आमच्याकडे न थांबता डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, क्वचित तिथे कॅन्सरही निघतो. आणि जोरात दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, नजर कमी झाली असेल किंवा तापासोबत पापणी सुजून डोळा हलवताना दुखत असेल तर त्याच दिवशी जा.