१८७७ची रेघ : अमेरिकेचा ‘आधुनिक’ इतिहास कॉलेजात नेमका तिथूनच का सुरू होतो

टेक्सासमधल्या सरकारी विद्यापीठातून पदवी घ्यायची तर विषय संगणकशास्त्र असो, नर्सिंग असो की संगीत, अमेरिकेच्या इतिहासाची सहा क्रेडिट पुरी करावीच लागतात. १९५५ सालापासून तसा कायदाच आहे. सहा क्रेडिट म्हणजे साधारणपणे दोन सेमिस्टरचे दोन कोर्स. पहिल्यात युरोपीय लोक येण्याआधीपासून यादवी युद्धापर्यंतचा इतिहास, दुसऱ्यात तिथून आजपर्यंतचा. इतर राज्यांतही थोड्याफार फरकाने हीच विभागणी दिसते. फ्लोरिडात तर कोर्सच्या नावातच साल आहे : ‘१८७७पर्यंत’ आणि ‘१८७७पासून’.

इथून तिकडे शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याला १७७६ ठाऊक असते, लिंकन ठाऊक असतो, दोन महायुद्धे ठाऊक असतात. १८७७ मात्र त्याने कधी ऐकलेले नसते. त्या साली ना युद्ध संपले, ना राज्यघटना झाली. तरी लाखो मुलांच्या वह्यांत ‘आधुनिक अमेरिका’ त्या सालापासून सुरू होते. हे साल कुठून आले हे माहीत असेल तर पुढचे पंधरा आठवडे वेगळ्या नजरेने ऐकता येतात. म्हणून ही पार्श्वभूमी.

उत्तर आणि दक्षिणेतल्या राज्यांमधले यादवी युद्ध १८६५ला संपले. तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपवली, चौदाव्या दुरुस्तीने (१८६८) नागरिकत्व दिले, पंधराव्या दुरुस्तीने (१८७०) मतदानात वर्णावरून भेद करायला बंदी घातली. पुढच्या काही वर्षांत दक्षिणेत जे घडले ते त्याआधी त्या देशात कुणी पाहिले नव्हते. काल गुलाम असलेली माणसे मतदानाला गेली, ज्यूरीत बसली, विधिमंडळात निवडून आली. मिसिसिपीचे हायरम रेव्हल्स १८७०मध्ये सिनेटमध्ये बसले. तिथवर पोचलेले ते पहिले कृष्णवर्णीय. दक्षिणेतल्या अनेक राज्यांत सार्वजनिक शाळांची व्यवस्था याच सरकारांनी उभी केली. या काळाला तिकडे ‘रिकन्स्ट्रक्शन’ म्हणतात, म्हणजे पुनर्रचना.

या घडामोडींचे पडसाद पुण्यापर्यंत आले होते. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ छापली आणि ती अमेरिकेतल्या सज्जन लोकांना अर्पण केली, कारण त्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली होती. त्याच वर्षी एप्रिलात लुइझियानातल्या कोलफॅक्स गावी गोऱ्यांच्या सशस्त्र टोळीने कोर्टाच्या इमारतीचे रक्षण करणाऱ्या कृष्णवर्णीय पुरुषांवर हल्ला केला. किमान साठ माणसे मारली गेली, त्यातली बरीचशी शरण आल्यानंतर. ज्या थोड्यांना शिक्षा झाली, त्यांची शिक्षाही सर्वोच्च न्यायालयाने १८७६मध्ये रद्द केली. पुण्यात अर्पणपत्रिका छापली गेली ते आणि कोलफॅक्सचे हे वर्ष एकच, ही गोष्ट मनातून जात नाही.

मग आली १८७६ची अध्यक्षीय निवडणूक. डेमोक्रॅट सॅम्युएल टिल्डन यांना देशभरात जास्त मते पडली, पण इलेक्टोरल मते (राज्याराज्यांच्या प्रतिनिधींची मते, अध्यक्ष त्यांवरच ठरतो) १८४. हवी होती १८५. फ्लोरिडा, लुइझियाना आणि साउथ कॅरोलायना या तीन राज्यांची सगळी आणि ऑरेगनचे एक, अशी २० मते वादात सापडली. पंधरा जणांचा आयोग नेमला गेला आणि त्याने आठ विरुद्ध सात अशा फरकाने सगळीच्या सगळी २० मते लिंकनच्याच रिपब्लिकन पक्षाच्या रुदरफर्ड हेस यांच्या पदरात टाकली. १८५ विरुद्ध १८४. मार्च १८७७मध्ये हेस अध्यक्ष झाले. एप्रिलमध्ये लुइझियाना आणि साउथ कॅरोलायनाच्या विधिमंडळांभोवती पहारा देणारे केंद्राचे सैनिक बराकीत परत गेले, आणि ज्यांच्या जिवावर तिथली रिपब्लिकन सरकारे उभी होती तो आधारच निघाला. पडद्याआड नेमका काय सौदा झाला यावर इतिहासकार अजून वाद घालतात. परिणामाबद्दल मात्र वाद नाही : रिकन्स्ट्रक्शनचा पाठिंबा गेला.

त्याच जुलैत वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गला मजुरी कापली म्हणून रेल्वे कामगारांनी गाड्या अडवल्या आणि बघता बघता संप देशभर पसरला. संप मोडायला केंद्राचे सैन्य पाठवले गेले. मे महिन्यात मूळनिवासी लाकोटा जमातीचा क्रेझी हॉर्स शरण आला, ऑक्टोबरात नेझ पर्स जमातीचा चीफ जोसेफ. म्हणजे १८७७ला सुरुवात मानायची तर कारणे कमी नाहीत : कारखानदारी, कामगार, पश्चिमेकडच्या जमिनीचा ताबा. आज वर्गात ही सगळी कारणे सांगितली जातात. पण ही रेघ पहिल्यांदा ओढली गेली ती यांच्यातल्या कुठल्याच कारणासाठी नव्हे.

इतिहास हा तिथल्या विद्यापीठांत स्वतंत्र, व्यावसायिक विषय बनला तो याच सुमारास. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ १८७६चे, अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशन १८८४ची. या पहिल्या पिढीने देशाच्या इतिहासाचे कप्पे पाडले. जेम्स फोर्ड ऱ्होड्स यांचा सात खंडी इतिहास गुलामगिरीवरून झालेल्या १८५०च्या तडजोडीपासून सुरू होतो आणि शीर्षकातच सांगतो की तो १८७७ला, दक्षिणेत ‘होमरूल’ची अंतिम पुनःस्थापना झाली तिथे थांबतो. मराठी वाचकाच्या कानात होमरूल म्हटले की टिळकांचा १९१६चा संघ येतो, स्वराज्य येते. ऱ्होड्स यांच्या शीर्षकातल्या होमरूलचा अर्थ होता दक्षिणेतल्या गोऱ्यांच्या हाती परत आलेली सत्ता. कोलंबिया विद्यापीठाचे विल्यम डनिंग यांचे रिकन्स्ट्रक्शनवरचे पुस्तक १९०७ला निघाले. त्याच्या शीर्षकातही शेवटचे साल हेच आहे, १८६५ ते १८७७. डनिंग आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी एकेका राज्याचा इतिहास लिहून काढला. सगळ्यांचा सूर एक : मताचा अधिकार नालायकांच्या हाती गेला, उत्तरेतून आलेल्या उपऱ्यांनी लूट केली, आणि १८७७ला दक्षिण त्यातून सुटली. ही मांडणी पाठ्यपुस्तकांत गेली, तिथून शाळांत, तिथून लोकांच्या बोलण्यात. कोलफॅक्सला १९५१ साली लुइझियाना राज्याने पाटी लावली. त्या हत्याकांडाने दक्षिणेतल्या उपऱ्यांच्या गैरकारभाराचा शेवट झाला, असे तिच्यावर लिहिले होते. ती पाटी निघाली २०२१ साली.

तेव्हा ‘१८७७’ हे साल म्हणजे मुळात एक निकाल होता. वाईट काळ संपला, आता खरा देश सुरू झाला, असा.

१९१३च्या उन्हाळ्यात बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला पोचले ते याच कोलंबियात. त्या वर्षी अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशनचे अध्यक्षपद डनिंग यांच्याकडे होते. अर्थशास्त्राबरोबर आंबेडकरांनी तिथे इतिहासाचेही बरेच कोर्स घेतले. पुढे १९४६मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यूबॉइस यांना पत्र लिहून अस्पृश्यांची आणि अमेरिकेतल्या निग्रोंची स्थिती किती सारखी आहे हे मांडले आणि संयुक्त राष्ट्रांकडे जाणाऱ्या निग्रोंच्या निवेदनाच्या प्रती मागितल्या. पत्र त्यांनी लिहिले ते डनिंग यांच्या मांडणीला आयुष्यभर टक्कर दिलेल्या माणसाला.

हार्वर्डमधून डॉक्टरेट मिळवणारे ड्यूबॉइस हे पहिले कृष्णवर्णीय. डिसेंबर १९०९मध्ये त्यांनी असोसिएशनच्या अधिवेशनात निबंध वाचला. त्याचा विषयच रिकन्स्ट्रक्शनचे फायदे असा होता : शाळा, अधिक लोकशाही राज्यघटना, नवे सामाजिक कायदे. पुढच्या वर्षी तो संस्थेच्या नियतकालिकात आला. ‘निग्रो’ शब्दातले पहिले अक्षर मोठे छापा, एवढीच त्यांची विनंती होती. संपादकांनी ती मानली नाही. १९३५मध्ये त्यांचा ‘ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन’ हा जाडजूड ग्रंथ आला. त्याच्या शेवटच्या प्रकरणात ते सरळ पाठ्यपुस्तके उघडून बसतात आणि मुलांना काय शिकवले जाते ते एकेक करून दाखवतात. त्याच नियतकालिकाने तेव्हा या ग्रंथाचे परीक्षण छापले नाही. हा कोर्स घेणाऱ्याने निदान ते शेवटचे प्रकरण वाचावे असे मला मनापासून वाटते. पाठ्यपुस्तक हीसुद्धा तपासून पाहायची वस्तू आहे हे त्यातून जितके स्पष्ट कळते, तितके वर्गातल्या कुठल्याही व्याख्यानातून क्वचितच कळते.

हा कोर्स सगळ्यांवर सक्तीचा का झाला, याची गोष्ट वेगळी आहे. तिची सुरुवात दुसऱ्या महायुद्धात झाली. पदवीसाठी देशाचा इतिहास सक्तीचा नाही अशा महाविद्यालयांचे प्रमाण तेव्हा ८२ टक्के निघाले. मग ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ३६ महाविद्यालयांतल्या पहिल्या वर्षाच्या सात हजार विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि एप्रिल १९४३मध्ये निकाल छापला. लिंकन, जेफरसन अशी नावेही अनेकांना ओळखता आली नव्हती. देश लोकशाहीसाठी लढतोय आणि मुलांना स्वतःचा इतिहास येत नाही म्हणून मोठा गहजब झाला. वृत्तपत्राला त्या कामासाठी १९४४चे पुलित्झर मिळाले. (मुलांना इतिहास येत नाही ही ओरड त्याहून जुनी. टेक्सासच्या विद्यार्थ्यांच्या चाचण्यांवरून हाच निष्कर्ष १९१७मध्येही निघाला होता.) युद्धानंतर १९४४च्या जीआय बिलामुळे, म्हणजे माजी सैनिकांच्या शिक्षणाला पैसे देणाऱ्या कायद्यामुळे, माजी सैनिक कॉलेजांत लोटले, १९४७मध्ये जवळजवळ निम्मे विद्यार्थी तेच होते. शीतयुद्ध सुरू झाले, नागरिक घडवायचा तर इतिहास हवा असे विधिमंडळांना वाटू लागले. टेक्सासचा १९५५चा कायदा त्या हवेतला. शेकडो मुलांचे व्याख्यान-सभागृह, आठवड्यातून एकदा सहायकाबरोबर छोट्या गटात चर्चा, सेमिस्टरअखेर निळ्या कव्हरच्या उत्तरवहीत निबंध, हा साचाही याच दशकांत पक्का झाला.

साचा पक्का झाला आणि समोरची मुले बदलली. १९६८च्या नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात विद्यार्थ्यांनी पुकारलेला संप जवळजवळ पाच महिने चालला. अभ्यासक्रमात आमचे लोक कुठे आहेत, हा त्यांचा सवाल होता. १९६९मध्ये तिथे वांशिक अभ्यासाची स्वतंत्र शाखा उघडली, १९७०मध्ये सॅन डिएगो स्टेटमध्ये स्त्री-अभ्यासाचा विभाग. नागरी हक्कांच्या चळवळीने इतिहासकारांना रिकन्स्ट्रक्शनकडे परत पाहायला लावले. डनिंग यांची मांडणी साठच्या दशकात कोसळली आणि १९८८मध्ये एरिक फोनर यांच्या ग्रंथाने नवी मांडणी रूढ केली. फोनर तेव्हा कोलंबियातच प्राध्यापक होते. त्यांच्या शीर्षकातला काळ १८६३ ते १८७७ : सुरुवात युद्ध संपल्यापासून नाही, लिंकनच्या मुक्तीच्या घोषणेपासून. शेवटाचे साल त्यांनीही तेच ठेवले, पण उपशीर्षकात त्याला अपुरी राहिलेली क्रांती म्हटले. तेच १८७७, अर्थ उलटा.

आता तर हा शेवटही ढिला झाला आहे. १८७७ला सगळे एका फटक्यात संपले नाही, मतदान पुढेही चालू होते. लुइझियानात १८९६मध्ये १,३०,३३४ कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते. १९०४मध्ये उरले १,३४२. या दोन आकड्यांच्या मधे नवी राज्यघटना होती, मालमत्तेच्या आणि साक्षरतेच्या अटी होत्या, शिवाय ज्यांचे बापजादे १८६७च्या आधीपासून मतदार होते त्यांना अटींतून सूट. विद्यार्थ्याने १८७७ एवढेच पाठ केले तर हे तपशील त्याच्या हातून निसटतात.

विषय असा जिवंत असल्यामुळे राजकारण त्याच्यापासून लांब राहिलेले नाही. शाळांसाठी इतिहासाचे राष्ट्रीय निकष १९९४ला आले तेव्हा एवढे वादळ उठले की जानेवारी १९९५मध्ये सिनेटने ते ९९ विरुद्ध १ मताने नाकारले. शाळेतच कॉलेजचे क्रेडिट मिळवून देणाऱ्या एपी परीक्षेचा आराखडा २०१४मध्ये बदलला आणि वादामुळे पुढच्याच वर्षी पुन्हा सुधारावा लागला. जानेवारी २०२४मध्ये फ्लोरिडाने सामान्य शिक्षणाच्या गाभ्यातून समाजशास्त्राची ओळख काढली आणि त्या जागी अमेरिकेच्या इतिहासाचा कोर्स आणला, ‘१८७७पर्यंत’ नावाचा.

दुसऱ्या कोर्सची अडचण साधी आहे, तो दरवर्षी वाढतो. डनिंग लिहीत होते तेव्हा १८७७पासूनचा काळ तीस वर्षांचा होता. आज तो दीडशेकडे चालला आहे आणि सेमिस्टर तेवढेच. म्हणून घाई होते. मराठी घरातून गेलेल्या मुलासाठी त्यातले फार जवळचे साल आहे १९६५. देशोदेशीचा कोटा रद्द करणारा स्थलांतर कायदा त्या वर्षीचा. आज तिथे दिसणारी बहुतेक मराठी कुटुंबे त्या दारातून आलेली. नेमके तेच साल अकराव्या-बाराव्या आठवड्यात येते आणि व्हिएतनामच्या गर्दीत पाच मिनिटांत उरकले जाते.

काही विद्यापीठांनी रेघ मागे सरकवली आहे. ऑस्टिनला टेक्सास विद्यापीठात दुसरा कोर्स १८६५पासून सुरू होतो, म्हणजे रिकन्स्ट्रक्शन ‘आधुनिक’ अमेरिकेत येते. फोनर यांच्या दोन भागांतल्या पाठ्यपुस्तकात त्या काळावरचे प्रकरण पहिल्या भागाच्या शेवटी आहे आणि दुसऱ्याच्या सुरुवातीलाही, तेच, जसेच्या तसे. इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या ‘द अमेरिकन यॉप’ या पाठ्यपुस्तकाने मात्र जुनीच रेघ पाळली आहे. रिकन्स्ट्रक्शन पहिल्या खंडाचे शेवटचे प्रकरण, आणि दुसरा खंड उघडला की समोर येतो १८७७चा रेल्वे संप. पहिला कोर्स शाळेतल्या क्रेडिटवर सोडवून थेट दुसऱ्यात बसलेल्या मुलाने मग तो पहिला खंड शेवटून उघडावा, पंधराव्या प्रकरणापाशी.