विषयप्रवेश

विषयप्रवेश : नवा विषय किंवा नवा अभ्यासक्रम सुरू होताना विद्यार्थ्याच्या मनात त्याविषयी रुची निर्माण करणे आणि ती पुढील अध्ययनात टिकेल अशी योजना करणे. एका तासिकेच्या आरंभी येणारी पाठाची प्रस्तावना हा याचा संकुचित अर्थ असून पाठटाचणात (शिक्षकाने पाठापूर्वी केलेल्या आराखड्यात) तोच रूढ आहे. प्रस्तुत नोंदीत संपूर्ण अभ्यासक्रमाचा आरंभ हा व्यापक अर्थ घेतला आहे.

प्राचीन शास्त्रपरंपरा : नवे शास्त्र शिकू पाहणाऱ्याला त्याचे प्रयोजन आधी सांगितले पाहिजे, हा विचार संस्कृत शास्त्रग्रंथांत जुना आहे. त्याचा सर्वांत तपशीलवार आरंभीचा नमुना पाणिनीच्या व्याकरणावरील पतंजलीच्या महाभाष्यात (इ. स. पू. सु. दुसरे शतक) पहिल्या, म्हणजे पस्पशा नावाच्या आह्निकात (प्रकरणात) आढळतो. पूर्वी उपनयनानंतर विद्यार्थी आधी व्याकरण शिकत व मग वेदाकडे वळत. आता तसे राहिले नाही, असे पतंजली म्हणतो. हल्लीचे विद्यार्थी घाईघाईने वेद शिकतात आणि वैदिक शब्द वेदातून कळले, लौकिक शब्द लोकव्यवहारातून कळले, मग व्याकरण हवे कशाला, असे विचारतात. अशा विद्यार्थ्यांसाठीच आचार्य प्रयोजने सांगतात, असा या प्रकरणाचा रोख आहे. विद्यार्थ्यांच्या नावडीची तक्रार शिक्षणाइतकीच जुनी असावी. येथे मात्र तक्रारीवर न थांबता पतंजली उत्तर द्यायला बसतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

रक्षा (वेदांचे रक्षण), ऊह (मंत्रातील शब्दरूपे प्रसंगानुरूप बदलणे), आगम (शास्त्राची आज्ञा), लघु आणि असंदेह (अर्थाविषयी शंका न उरणे) ही पाच मुख्य प्रयोजने तो सांगतो व पुढे आणखी काहींची भर घालतो. त्यांपैकी ‘लघु’चे (थोड्या श्रमात भाषा आत्मसात होणे) विवरण अध्यापनाच्या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. याच आह्निकात पुढे आलेली एक आख्यायिका त्याला पूरक ठरते : बृहस्पतीने इंद्राला एकेक शब्द सांगत एक हजार दिव्य वर्षे शब्दपारायण केले, तरी शब्द संपले नाहीत. बृहस्पतीसारखा गुरू, इंद्रासारखा शिष्य आणि एवढा काळ मिळूनही जे साधले नाही, ते सामान्य व अपवाद अशा नियमांनी साधते. नियम शिकवण्यापूर्वी नियम नसल्यास काय होईल हे दाखवण्याची ही रीत आजही विषयप्रवेशात उपयोगी पडते.

पाच प्रयोजने सांगणारे वाक्य मुळात कोणाचे, याविषयी मतभेद आहे. ते कात्यायनाचे वार्तिक (पाणिनीच्या सूत्रांवरील टिपणवजा वाक्य; महाभाष्य अशा वार्तिकांचाही विचार करते) मानणारा एक पक्ष आहे. परंतु ‘सिद्धे शब्दार्थसंबन्धे’ या वार्तिकाचा विचार करताना, आचार्याने मंगलार्थ ‘सिद्ध’ हा शब्द आरंभी योजला आहे, असे पतंजली स्वतःच म्हणतो. त्याअर्थी वार्तिकपाठाचा आरंभ तेथे होतो व त्याआधीचे प्रयोजनवाक्य भाष्यकाराचेच असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. तसे असल्यास प्रयोजनचर्चेची गरज कात्यायनाच्या नव्हे, तर पतंजलीच्या काळातील विद्यार्थ्यांमुळे निर्माण झाली, असे अनुमान करता येते. अर्थात ते अनुमानच होय.

मीमांसा दर्शनाचा आचार्य कुमारिल भट्ट याने (सु. सातवे शतक) हाच मुद्दा सर्व शास्त्रांना लागू केला. प्रयोजन सांगितलेले नाही तोवर कोणतेही शास्त्र किंवा कर्म कोण हाती घेईल, असे त्याने श्लोकवार्तिकाच्या आरंभीच विचारले आहे. ‘प्रयोजनमनुद्दिश्य न मन्दोऽपि प्रवर्तते’ हे सुभाषितासारखे वापरले जाणारे वचनही त्याच ग्रंथातील आहे. पुढे विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी हे चार ‘अनुबंध’ ग्रंथारंभी सांगण्याचा प्रघात पडला, सदानंदाच्या वेदान्तसारात (सु. पंधरावे शतक) तो नेटकेपणाने मांडलेला आहे.

हर्बार्ट आणि पंचपदी : विषयप्रवेशाला अध्यापनातील स्वतंत्र पायरीचे स्थान एकोणिसाव्या शतकात मिळाले. त्याचे श्रेय जर्मन तत्त्वज्ञ योहान फ्रीड्रिख हर्बार्ट (१७७६–१८४१) याला सरसकट दिले जाते आणि ‘हर्बार्टची पंचपदी’ हा शब्दप्रयोग आता पुसता येण्याजोगा राहिलेला नाही. तथापि तो काटेकोर नव्हे. हर्बार्टच्या १८०६ मधील ग्रंथात पायऱ्या चारच आहेत : स्पष्टता, साहचर्य, व्यवस्था व पद्धती. पूर्वतयारी अशी वेगळी पायरी त्यांत नाही. लाइपसिक येथील तुइस्कॉन त्सिलर (१८१७–८२) याने स्पष्टतेचे विश्लेषण व संश्लेषण असे दोन भाग केले, तसेच पाठाचा हेतू विद्यार्थ्यांना प्रारंभीच सांगण्याचा आग्रह धरला. येना येथील विल्हेल्म राइन (१८४७–१९२९) याने या पाच पायऱ्यांना पूर्वतयारी, प्रतिपादन, तुलना, सामान्यीकरण व उपयोजन अशा आशयाची सुटसुटीत नावे दिली. पाठटाचणातील ‘प्रस्तावना’ आणि ‘हेतुकथन’ ही दोन्ही पदे अशा रीतीने अनुयायांकडून आलेली आहेत.

हर्बार्टच्या मांडणीतील अधिक मोलाचा भाग या वादात झाकला जातो. रुचीच्याही त्याने चार अवस्था सांगितल्या आहेत : अवधान, अपेक्षा, मागणी व कृती. एखादी गोष्ट प्रथम नजरेत भरते. मग पुढे काय येईल याची वाट पाहिली जाते. ते आले नाही की मन ते मागू लागते. आणि शेवटी माणूस स्वतः हालचाल करतो. रुची हे त्याच्या मते केवळ शिकवण्याचे साधन नव्हते, बहुमुखी रुची हे अध्यापनाचे साध्य होते. अनुयायांच्या हाती या क्रमातील पहिली अवस्था तेवढी उरली. पूर्वज्ञानावर आधारलेले तीन-चार प्रश्न विचारायचे, शेवटच्याचे उत्तर वर्गाला येणार नाही अशी तजवीज करायची आणि वर्ग गप्प झाला की फळ्यावर पाठाचे नाव लिहायचे, ही सराव पाठातील परिचित रीत तिचाच अवशेष आहे. पाठ कोणता हे वर्गाला बहुधा आधीच ठाऊक असते.

रुची की प्रयत्न : अमेरिकेत १८९५ मध्ये हर्बार्टच्या नावाने राष्ट्रीय संस्था स्थापन झाली आणि विषय रंजक करावा की विद्यार्थ्याला कष्टाची सवय लावावी, हा वाद रंगला. जॉन ड्यूई (१८५९–१९५२) याने संस्थेच्या वार्षिकाच्या पुरवणीतील निबंधात व पुढे १९१३ च्या पुस्तकात दोन्ही पक्षांची चूक एकच असल्याचे दाखवले : विषय हा विद्यार्थ्याच्या बाहेर पडलेला आहे आणि तो त्याच्या गळी उतरवायचा आहे, असे दोघेही गृहीत धरतात. विषयाला वरून गोडी लावावी लागते याचा अर्थ विद्यार्थ्याच्या चालू कृतीशी त्याचा संबंध जुळलेला नाही, असे ड्यूईचे म्हणणे. तत्त्व म्हणून ते बिनतोड आहे. मात्र ज्या विषयात विद्यार्थ्याची अद्याप कोणतीच कृती चालू नाही, त्याचा पहिला आठवडा कसा घ्यावा, याबाबत त्यातून मिळणारे मार्गदर्शन तुटपुंजे आहे.

आधुनिक संशोधन : १९८० च्या दशकात जॉन केलरने अध्यापन-आराखड्यासाठी अवधान, समर्पकता, आत्मविश्वास व समाधान हे चार घटक मांडले. अनुबंधचतुष्टयाशी त्यांचे साम्य सुचते, पण ते ताणण्यात अर्थ नाही. प्रयोजन आणि समर्पकता जवळच्या आहेत. ‘अधिकारी’ हा अनुबंध मात्र शास्त्र कोणासाठी आहे हे ठरवतो, तर आत्मविश्वासाचा घटक हे आपल्याला जमणार नाही असे वाटणाऱ्याला आत घेण्यासाठी आहे.

सुझान हीडी व के. ॲन रेनिंजर यांनी २००६ मध्ये रुचीच्या विकासाच्या चार अवस्था सांगितल्या : प्रसंगाने चेतवलेली, प्रसंगाने टिकवलेली, व्यक्तीत अंकुरणारी आणि पूर्ण विकसित. पहिलीकडून दुसरीकडे जाणे आपोआप घडत नाही. आधार न मिळाल्यास रुची मागेही जाते. विषयप्रवेश म्हणजे पहिल्या तासाची करामत नव्हे, हे या मांडणीतून सर्वांत स्पष्ट होते आणि उपलब्ध मांडण्यांत तीच अधिक उपयुक्त दिसते.

जिज्ञासेची यंत्रणा जॉर्ज लोवेनस्टाइनने १९९४ मध्ये माहितीतील पोकळीच्या कल्पनेने स्पष्ट केली : काही ठाऊक आहे आणि नेमके एक ठाऊक नाही, अशा वेळी कुतूहल तीव्र होते. काहीच ठाऊक नसल्यास ते जागत नाही. संभाव्यताशास्त्राच्या पहिल्या तासाला वापरला जाणारा वाढदिवसाचा प्रश्न हे याचे चांगले उदाहरण होय. वर्गातील कोणा दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता किती, हे प्रत्येकाने आधी लिहून काढायचे. बहुतेकांचा अंदाज फार कमी येतो, कारण जो तो स्वतःच्या तारखेशी इतरांची तारीख जुळवून पाहतो. प्रत्यक्षात २३ जणांत ही शक्यता निम्म्याहून किंचित जास्त, ३० जणांत सुमारे ७१ टक्के व ४० जणांत सुमारे ८९ टक्के असते. मग तारखा पुकारल्या जातात व बहुधा जोडी सापडते. २३ जणांच्या २५३ जोड्या होतात, ही गोष्ट लगेच सांगायची नाही. ती वर्गाने मागितली पाहिजे. बारा जणांच्या वर्गात मात्र हा प्रयोग करू नये, तेथे शक्यता जेमतेम १७ टक्के आहे. आधी अंदाज लिहून घेणे हा यातील कळीचा भाग आहे. ते गाळल्यास उरतो तो निव्वळ चमत्कार.

चमत्काराचा तोटाही संशोधनात नोंदलेला आहे. रंजक पण विषयाच्या गाभ्याशी असंबद्ध तपशील घातल्यास वाचकाला गाभाच कमी आठवतो, असे १९८० च्या दशकाच्या अखेरीपासूनच्या प्रयोगांत अनेकदा दिसून आले. बक्षिसांविषयीही सावधगिरी आवश्यक ठरते. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन व रिचर्ड निस्बेट यांच्या १९७३ च्या प्रयोगात चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या लहान मुलांपैकी ज्यांना प्रशस्तिपत्राचे आमिष आधी दाखवले, ती पुढे मोकळ्या वेळात चित्रांकडे कमी वळली. अनपेक्षितपणे तेच बक्षीस मिळालेल्या मुलांत ही घट दिसली नाही. ज्यांना मुळात आवडच नाही त्यांच्याबाबत हा निष्कर्ष तसाच लागू करता येत नाही, हे पुष्कळदा विसरले जाते.

प्रयोजन शिक्षकाने सांगावे की विद्यार्थ्याने शोधावे, या प्रश्नावर क्रिस हलमन व ज्युडिथ हॅरॅकिविच यांचा २००९ मधील अभ्यास महत्त्वाचा आहे. विज्ञानाच्या वर्गातील काही विद्यार्थ्यांनी शिकलेल्या भागाचा सारांश लिहिला, तर काहींनी त्याचा आपल्या जगण्याशी असलेला संबंध लिहिला. आपल्याला यश मिळेल अशी फारशी आशा नसलेल्या विद्यार्थ्यांत दुसऱ्या प्रकारच्या लेखनाने रुची व गुण दोन्ही वाढले. इतरांना त्याचा तसा लाभ दिसला नाही.

पहिली तासिका : शिक्षकाची छाप फार लवकर पडते. नलिनी अंबाडी व रॉबर्ट रोझेन्थल यांनी १९९३ मध्ये दाखवले, की शिकवणाऱ्याची अर्ध्या मिनिटाहूनही लहान मूक चित्रफीत पाहून अनोळखी व्यक्तींनी दिलेले अभिप्राय सत्राअखेरच्या विद्यार्थ्यांच्या अभिप्रायांशी बरेच जुळतात. हे अभिप्राय आवडीचे आहेत, अध्ययनाचे नव्हेत, एवढे ध्यानात ठेवावे. नियम, गुणविभागणी व वेळापत्रक वाचून दाखवण्यात पहिली तासिका घालवण्याऐवजी विषयातील एखादे लहानसे खरे काम विद्यार्थ्यांच्या हाती द्यावे, याविषयी अभ्यासकांत फारसा मतभेद नाही.

सहभाग : वर्तनात्मक, भावनिक व बोधात्मक असे सहभागाचे तीन प्रकार २००४ पासून सर्वसाधारणपणे मानले जातात. हजेरी ही फक्त पहिल्याची खूण आहे. विज्ञान, अभियांत्रिकी व गणित या क्षेत्रांतील २२५ अभ्यासांच्या २०१४ मधील एकत्रित विश्लेषणात केवळ व्याख्यान असलेल्या वर्गांत अनुत्तीर्णांचे प्रमाण ३३.८ टक्के, तर विद्यार्थ्यांना कृती करायला लावणाऱ्या वर्गांत २१.८ टक्के आढळले. परंतु अशा वर्गांत विद्यार्थी खूश असतातच असे नाही. पदार्थविज्ञानाच्या प्रास्ताविक अभ्यासक्रमातील २०१९ च्या एका तुलनेत कृतिप्रधान वर्गातील विद्यार्थी चाचणीत सरस ठरले, तरी आपण कमी शिकलो असेच त्यांना वाटत होते. ओघवत्या व्याख्यानाने सगळे समजल्याचा भास होतो आणि स्वतः धडपडताना अडखळणे जाणवते. म्हणून या भासाची कल्पना विद्यार्थ्यांना सत्राच्या आरंभीच द्यावी, असे त्या संशोधकांनी सुचवले आहे.