अडचणीच्या खाडीत लाईन किती पौंडी घ्यावी?

लुअर (नकली आमिष) टाकणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

"तांबोशी दोन किलोची, मग दहा पौंडी लाईन पुरे ना?" दुकानात हा प्रश्न नेहमीचा. हिशोबाने पुरते, दहा पौंडी म्हणजे साडेचार किलोची ओढ सोसणारी. नदीच्या मुखाशी उघड्या वाळूवर तेवढ्यात भागेलही, कारण तिथे मासा पळाला तर पळू द्यायचा, दमला की ओढायचा. पण वाशिष्ठी, कर्ली, तेरेखोल यांच्या खाड्यांत कांदळवनाची मुळं, पुरात वाहून आलेले ओंडके, जाळ्यांसाठी रोवलेले खुंट आणि कालवांनी मढलेले खडक आहेत. तिथे लाईन माशाच्या वजनावरून घेऊ नका, अडचण बघून घ्या.

तांबोशी लुअर पकडते आणि त्याच झपाट्यात मागे वळते. पहिल्या दोन-तीन सेकंदांत तिला अडवली नाही तर ती मुळांत शिरते. मग लाईन कालवाच्या धारेवर घासते आणि पाकिटावरचा आकडा काही कामाचा राहत नाही. म्हणजे जोर हवा तो मासा उचलायला नव्हे, त्याला दोन हात अलीकडे थांबवायला.

अशा जागेसाठी आम्ही सहसा देतो ती जोडी: रीलवर ४० पौंडी ब्रेडेड (विणलेली लाईन), पुढे साधारण दीड मीटर ४० पौंडी फ्लुरोकार्बनचा लीडर, म्हणजे लाईन आणि लुअर यांच्यामधला तुकडा. अडचण तुरळक असेल, एखादाच ओंडका आणि बाकी मोकळं पाणी, तर दोन्ही ३० चालतील.

रीलवर तंगूस (साधा एकपदरी नायलॉनचा धागा) का नको? तंगूस ताणली जाते. लांबवर टाकलेल्या लुअरला मासा लागला की त्या ताणातच त्याला बिळापर्यंत पोचायला जागा मिळते. ब्रेडेड जवळजवळ ताणतच नाही, शिवाय तेवढ्याच ताकदीला बरीच बारीक असते, त्यामुळे लुअर लांब जातं. तिची खोड एकच: ताणलेली असताना कालवाला टेकली की सुरी लागल्यासारखी तुटते. म्हणून पुढे लीडर. जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कडही धारदार असते, तिथेही लीडरच वाचवतो. फ्लुरोकार्बन पाण्यात दिसत नाही अशी जाहिरात असते. आमच्या मते गढूळ खाडीत त्याला फारसा अर्थ नाही. पैसे मोजायचे ते घासण्याला टिकतो म्हणून. हात आखडता असेल तर लीडरला ५० पौंडी जाड तंगूस घ्या, बिनधास्त.

लीडर मात्र मुख्य लाईनपेक्षा फार बळकट नको. तसं केलं की अडकल्यावर लाईन मधेच कुठेतरी तुटते आणि वीस-तीस मीटर धागा झाडांत लटकत राहतो, त्यात पाखरं अडकतात. जोडी सारखी असली की तुटते ती बहुधा लुअरजवळच्या गाठीपाशी.

पाकिटावर पौंडांशिवाय पीई क्रमांक असतो. तो जाडीचा क्रमांक. पीई १ म्हणजे सुमारे ०.१६५ मिमी. स्वस्त पाकिटांवर पौंड फुगवून छापलेले आढळतात, तेव्हा दोन पाकिटं ताडताना जाडीही बघा.

आता ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक: किती ओढीला लाईन सुटू लागते ते. तो लाईनच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ठेवतात. ४० पौंड म्हणजे १८ किलो, म्हणजे साडेचार ते सहा किलो. ऐकायला कमी वाटतं, पण रॉड वाकवून सहा किलो ओढून बघा! स्प्रिंगचा काटा लाईनला अडकवून घरीच मोजता येतं. लहान रील हा भार पेलत नाही, ४००० मापाचं लागतं. लुअरबरोबर येणारे बारीक तारेचे तीनतोंडी गळही या ओढीला सरळ होतात. लाईन वाढवलीत तर गळ जाड तारेचे बसवा, नाहीतर वाढवलेले पौंड फुकट. जाड लीडरने लहान लुअरची चाल मरते; तिथे घट्ट गाठीऐवजी सैल फासाची गाठ मारा.

लुअर अडकलं तर रॉडने हिसके देऊ नका, रॉड मोडतो. आधी बाजू बदलून उलट दिशेने ओढून बघा. नाहीच निघालं तर ब्रेडेड लाकडाच्या तुकड्याला गुंडाळून सरळ रेषेत ओढा. हाताला गुंडाळलीत तर मांसात रुतते. डोळ्यांवर चष्मा हवा, कारण सुटलेलं लुअर थेट तोंडाकडे येतं. आणि ते काढायला पाण्यात उतरू नका. वाशिष्ठीत मगरी आहेत, गोव्याच्या कुंभारजुव्याच्या कालव्यातही आहेत. लुअर पुन्हा विकत मिळतं.

गोड्या पाण्यातल्या मरळीचं गणित वेगळं. शेवाळात बेडूक-लुअर टाकताना ४० ते ५० पौंडी ब्रेडेड थेट बांधा, लीडरची गरज नाही. बारीक धागा शेवाळ कापत येतो.

लाईन घ्यायला येताना रील बरोबर आणा. आम्ही ती ताण देऊन भरून देतो, नाहीतर ब्रेडेड स्पूलवर घसरते आणि गुंते होतात. लीडर जोडण्याची गाठही काउंटरवर शिकवतो. काढलेली जुनी लाईन आमच्याकडेच ठेवून जा.